पहिल्या पॉवरबोटीवर काय बसवायचं: मोठ्या स्क्रीनच्या आधी नांगर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुम्ही पुण्यात राहता. 21 फुटी उघडी फायबरची बोट 115 एचपीच्या आउटबोर्डसकट सेकंडहँड घेतली आहे आणि ती मांडव्याला उभी आहे. बरोबर बायको, सहा आणि अकरा वर्षांची मुलं, कधीमधी आईवडील. यंदा खांदेरी, अलिबाग, जमलं तर मुरूड. पुढच्या वर्षी आणखी खाली. उपकरणांसाठी चार लाख बाजूला काढलेत. यादीत 12 इंची चार्टप्लॉटर (समुद्राचा नकाशा आणि त्यावर आपली जागा दाखवणारी स्क्रीन), रडार, पाण्याखालचे निळे दिवे आणि अमेरिकेतल्या मेव्हण्याकडून मागवायचा उपग्रह मेसेंजर. 'लाइफजॅकेटं विकणाऱ्यानेच आठ दिली आहेत, तो प्रश्न मिटला,' असं लिहिलंय. शेवटी विचारलंय की मोबाइलवरचं नकाशाचं ॲप पुरेल की प्लॉटर घ्यावाच.

मी रायगडच्या किनाऱ्यावर छोट्या बोटींची फिटिंग करतो आणि नव्या मालकांबरोबर त्यांच्या पहिल्या फेऱ्यांना जातो. ॲप की प्लॉटर, यावर उत्तर देतोच, पण मला त्यामागचा प्रश्न वेगळा दिसतो. जानेवारीतला रविवार धरा. दुपारचे चार वाजलेत, खांदेरी बेटाच्या बाहेर आहात आणि इंजिन बंद पडलं. सकाळचा मतलई (जमिनीकडचा) वारा कधीच पडलाय, आता वायव्येकडून खारा (समुद्राकडचा) वारा सुटलाय आणि तो तुम्हाला थळ गावासमोरच्या खडपांकडे, म्हणजे खडकांकडे ढकलतोय. किनारा पाचेक किलोमीटरवर. तासाला दीड सागरी मैलाने वाहत गेलात तरी दोन तासांच्या आत बोट दगडांवर, आणि तोवर अंधारायला लागलेलं. त्या दोन तासांत तुम्ही काय काय कराल ते क्रमाने लिहून काढा. खरेदीची यादी त्याच क्रमाने लागते, आणि त्या क्रमात 12 इंची स्क्रीन बरीच खाली जाते.

अर्थात सगळं परिस्थितीवर अवलंबून आहे. कायम दुसऱ्या बोटीच्या सोबतीने, मांडवा ते गेटवे एवढंच जाणार असाल (सरळ रेषेत साडेसात सागरी मैल, आजूबाजूला फेरीबोटींची वर्दळ), तर माझ्या यादीतल्या काही गोष्टी वर्षभर थांबल्या तरी चालतील. मांडव्याहून मुरूड मात्र तीस मैलांच्या वर आहे आणि मध्ये लांबच्या लांब पट्ट्यात हाकेला कोणी नसतं. मुलं आणि म्हातारी माणसं बोटीत आहेत म्हणून मी दुसरी बाजू धरून लिहितोय. महाराष्ट्र मेरीटाइम बोर्डाच्या सर्व्हेअरकडे जी सक्तीची यादी असते ती किमान समजा. ती पूर्ण करावीच लागते, पण ती केली म्हणजे तुमच्या बोटीचा विचार झाला असं नाही.

इंजिन बंद का पडतं, तिथून सुरुवात करू. माझ्यासमोर येणारी बहुतेक बंद पडलेली आउटबोर्डं दोनच कारणांनी बंद असतात: पेट्रोलमध्ये पाणी किंवा दमलेली बॅटरी. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं. कोकणातल्या दमट हवेत अर्धी टाकी दोन महिने उभी राहिली की पाणी आणि इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं, आणि इंजिन तळातूनच ओढतं. म्हणून पहिली खरेदी म्हणजे पाणी वेगळं करणारा 10 मायक्रॉनचा इंधन फिल्टर, खाली पारदर्शक वाटी असलेला, शिवाय दोन जादा कार्ट्रिज आणि ते फिरवायचा पाना. वाटीत पाणी दिसलं की काढून टाकायचं. ही गोष्ट स्वस्त आहे आणि सेकंडहँड बोटीवर ती हमखास नसते किंवा जुनाट असते.

बॅटऱ्या दोन हव्यात, मध्ये निवड करणारा स्विच. एक फक्त इंजिन चालू करायला, दुसरी रेडिओ, पंप, दिवे, गाणी या सगळ्याला. एकाच बॅटरीवर मुलांनी दुपारभर स्पीकर वाजवला की संध्याकाळी स्टार्टर नुसता टकटक करतो. इंधनाचा हिशेब तिहाईचा ठेवा: एक भाग जायला, एक यायला, एक शिल्लक. तो शिल्लक भाग खर्चायचा नसतो.

आता नांगर. घाटात गाडी बंद पडली तर हँडब्रेक ओढता येतो. पाण्यात तो हँडब्रेक म्हणजे नांगर, आणि तोच बहुतेक नव्या मालकांकडे शोभेपुरता असतो. तुमच्या बोटीवर काय आहे ते लिहिलेलं नाही, पण सेकंडहँड बोटीबरोबर बहुधा घडीचा छत्रीसारखा छोटा नांगर आणि पंधरा मीटर नायलॉनची दोरी येते. ती जेट्टीजवळ चहा पिईपर्यंत बोट धरून ठेवते, एवढंच. आपल्याकडचा तळ बहुतेक ठिकाणी चिखल-वाळूचा आहे. तिथे रुंद पात्यांचा डॅनफोर्थ पद्धतीचा नांगर चांगला रुततो. त्याला पाच-सहा मीटर साखळी लावा, म्हणजे ओढ आडवी येते आणि पाती वर उचलली जात नाहीत.

दोर किती, याचा हिशेब आपल्या किनाऱ्यावर भरती धरूनच करावा लागतो. ओहोटीला पाच मीटर पाणी असलेल्या जागी नांगर टाकला आणि उधाणाचे (अमावस्या-पौर्णिमेच्या आसपासचे) दिवस असले, तर भरतीला चार मीटर चढतील. झाले नऊ. नाळेची (बोटीच्या पुढच्या टोकाची) उंची एक मीटर, म्हणजे दहा. खोलीच्या निदान पाचपट दोर सोडायचा, म्हणजे 50 मीटर. वारा असेल तर सातपट, म्हणजे 70. परदेशी व्हिडिओत 30 मीटर पुरेसे म्हणतात, कारण त्यांच्याकडे अनेक ठिकाणी भरती-ओहोटीचा फरक मीटरभरही नसतो. दोराचं मागचं टोक बोटीला पक्कं बांधलेलं आहे ना, हेही एकदा बघा. ते सुटं असतं आणि पहिल्याच वेळी सगळा दोर नांगराबरोबर पाण्यात जातो, हा प्रकार तुम्हाला वाटतो त्यापेक्षा नेहमीचा आहे.

इंजिनाशी जोडलेली आणखी एक गोष्ट फुकटातली आहे. थ्रॉटलजवळची लाल गुंडाळीची दोरी, किल कॉर्ड. चालवणारा उडून पाण्यात पडला की ती निसटते आणि इंजिन बंद होतं. ती नसेल तर बिनचालकाची बोट वेगात गोल फिरत पाण्यातल्या माणसावर परत येते. बऱ्याच बोटींवर ती स्विचमध्ये कायमची खोचून ठेवलेली असते, मनगटाला किंवा मांडीला लावलेली नसते. मग ती असून नसून सारखीच. एक जादा कॉर्ड ड्रॉवरमध्ये ठेवा आणि ती कुठे आहे ते बायकोला दाखवा. तुम्ही कॉर्डसकट पाण्यात गेलात, तर तिला इंजिन परत चालू करायला ती लागेल.

लाइफजॅकेटांचा प्रश्न मिटलेला नाही. विकणाऱ्याने दिलेली आठही बहुधा एकाच मापाची, केशरी, उन्हात फिकट पडलेली असतील. एक उचला आणि आतला फोम दाबून बघा. दाबल्यावर परत फुगत नसेल, कुरकुरत असेल किंवा पट्ट्यांचे टाके सुटले असतील, तर बाजूला काढा. मग आतलं लेबल वाचा. तिथे न्यूटनचा आकडा असतो. 50 न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्यांसाठी आहे, मदत जवळ असताना. 100 न्यूटनचं कॉलरवालं साधारणपणे बेशुद्ध माणसालाही उताणं करून तोंड पाण्याबाहेर ठेवायला बनवलेलं असतं. 150 न्यूटनची फुगणारी येतात, उघड्या समुद्रासाठी. मुलांची जॅकेटं वजनावरून घ्यायची आणि दोन पायांमधून जाणारा पट्टा असलेलीच. तो नसेल तर सहा वर्षांचं मूल पाण्यात पडल्यावर जॅकेट वर तरंगतं आणि मूल खालून निसटतं. 'दोन वर्षं जातील म्हणून मोठं घेऊ' हा शाळेच्या गणवेशाचा हिशेब इथे करायचा नाही.

मोठ्यांसाठी तुमच्या बोटीवर मी फुगणारी सुचवीन, कारण ती अंगावर जाणवत नाहीत आणि म्हणून दिवसभर घातली जातात. पण उघड्या बोटीत तुषार सारखे अंगावर येतात. विरघळणाऱ्या गोळीवर चालणारी स्वस्त ऑटोमॅटिक जॅकेटं नुसत्या तुषारांनी, किंवा पावसाळ्यात कपाटातल्या दमटपणानेही फुगू शकतात. पाण्याच्या दाबावर उघडणारी हायड्रोस्टॅटिक घ्या, नाहीतर दोरी ओढून फुगवायची घ्या. दुसरी फक्त शुद्धीवरच्या माणसाला उपयोगी, हे लक्षात ठेवून. दरवर्षी जॅकेटमधला गॅसचा छोटा सिलिंडर काढून वजन करा, त्यावर किती असायला हवं ते कोरलेलं असतं. जॅकेट तोंडाने फुगवून रात्रभर ठेवा. सकाळी मऊ पडलं तर गळतंय. आईवडिलांसाठी फोमचंच बरं, त्यात बिघडण्यासारखं काही नसतं.

जॅकेट बाकाखाली असून उपयोग नाही, हे मुंबईकरांना 18 डिसेंबर 2024 ला कळलं. नव्या इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' या फेरीबोटीवर आदळली, तेव्हा बहुतेक प्रवाशांच्या अंगावर जॅकेट नव्हतं. टक्कर झाल्यावर बुडत्या बोटीत शंभर माणसांनी जॅकेट शोधून, बकलं लावून तयार व्हायचं, हे होणं नसतं. त्यानंतर गेटवेच्या बोटींवर जॅकेट सक्तीचं झालं. तुमच्या बोटीवर सक्ती तुम्हीच करायची: जेट्टी सुटायच्या आधी घातलं, जेट्टीला लागल्यावर काढलं, आणि सगळ्यात आधी चालवणाऱ्याने घातलं. बाप घालत नाही तिथे अकरा वर्षांचा मुलगा घालत नाही. एकदा मांडव्याला भरतीच्या वेळी सगळ्यांना जॅकेट घालून कमरेपेक्षा जास्त पाण्यात उतरवा. कोणाचं हनुवटीवर चढतं, कोणाचं फिरतं, ते पाच मिनिटांत दिसतं. त्याच वेळी पाण्यातून बोटीवर परत चढून दाखवा. बोटीची भिंत छातीभर उंच असते. मागे घडीची शिडी नसेल, आणि ती पाण्यातल्या माणसाला ओढून खाली घेता येत नसेल, तर वडिलांना वर घेणं तुम्हा दोघांना जमणार नाही. निळ्या दिव्यांच्या पैशात चांगली शिडी येते.

पाणी आत आलं तर काय, याचा एक आकडा डोक्यात ठेवा. पाण्याच्या पातळीखाली फूटभरावर अडीच सेंटिमीटरचं भोक पडलं तर मिनिटाला साधारण 40 लिटर पाणी आत येतं. तुमच्या बोटीवर पाणी उपसायचा बहुधा तासाला 1100 गॅलनचा पंप असेल. खोक्यावर तासाला 4,000 लिटरच्या वर लिहिलेलं असतं, पण पाईपची उंची, वळणं आणि उतरलेली बॅटरी धरून प्रत्यक्षात तो मिनिटाला 40-45 लिटर टाकतो. म्हणजे एका तुटलेल्या पाईपशी बरोबरी करतो, त्याहून मोठ्या भोकापुढे हरतो. म्हणून पंप आपोआप चालू करणारा फ्लोट स्विच, निमुळत्या लाकडी बुचांची जोडी, हातपंप आणि दांडीची मजबूत बादली. घाबरलेल्या माणसाच्या हातातली बादली कोणत्याही पंपापेक्षा जास्त पाणी काढते, असं जुने तांडेल (होडी चालवणारे अनुभवी कोळी) म्हणतात, आणि ते थट्टेने म्हणत नाहीत.

आगीबद्दल थोडक्यात. आयएसआय मार्कची दोन किलोची एबीसी पावडरची दोन नळकांडी: एक चालवणाऱ्याच्या हाताशी, एक नाळेकडे. इंजिनाशेजारी एकच ठेवलं तर आग लागेल तेव्हा ते आगीपलीकडे असेल. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळाशी साचते. टाकी डेकखाली असेल तर झाकण उघडून, वास घेऊन मगच चावी फिरवायची.

आता खांदेरीच्या बाहेर परत येऊ. नांगर धरलाय, बोट थांबलीय. मदत कशी मागवाल? मोबाइलवर पहिले दोन नंबर साठवा: तटरक्षक दलाचा 1554 आणि सागरी पोलिसांचा 1093. किनाऱ्याजवळ रेंज असते आणि कित्येकदा तिथेच काम होतं. पण मोबाइलवर तुम्ही एकाच माणसाशी बोलता. व्हीएचएफ रेडिओच्या 16 नंबरच्या चॅनेलवर बोललात की आसपासच्या ज्या बोटींवर सेट चालू आहे त्या सगळ्या ऐकतात, आणि मदतीला सगळ्यात आधी पोचते ती बहुतेक वेळा शेजारची बोटच.

हातातला सेट की बसवलेला? व्हीएचएफ जवळपास नजरेच्या रेषेत जातो, म्हणून वॅटपेक्षा अँटेनाची उंची महत्त्वाची. बसलेल्या माणसाच्या हातातला पाच-सहा वॅटचा सेट दुसऱ्या तशाच सेटला चार-पाच मैलांवर ऐकू जातो. बोटीच्या टी-टॉपवर (डोक्यावरच्या छतावर) तीन मीटर उंचीला अँटेना लावून 25 वॅटचा सेट बसवलात तर टेकडीवरच्या स्टेशनपर्यंत पंधरा-वीस मैल सहज. बसवलेल्या सेटला डीएससी (एका बटणाने संकटाचा इशारा पाठवण्याची सोय) असू द्या आणि जीपीएस जोडलेलं असू द्या. झाकणाखालचं लाल बटण काही सेकंद दाबून धरलं की तुमची ओळख आणि जागा आपोआप जाते. भेदरलेल्या माणसाला अक्षांश-रेखांश वाचून दाखवावे लागत नाहीत. त्यासाठी नऊ आकडी एमएमएसआय नंबर (रेडिओवरची बोटीची ओळख) लागतो, भारताचे 419 ने सुरू होतात. सेटला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेचा परवाना आणि चालवणाऱ्याला प्रमाणपत्र लागतं. हे काम कटकटीचं आहे, वेळ खातं, म्हणूनच आजच सुरू करा. हातातला तरंगणारा सेट दुसरा म्हणून जॅकेटच्या खिशात राहू द्या. बोटीची वीज गेली तर तोच उरतो.

मेव्हण्याला मात्र लगेच फोन करून उपग्रह मेसेंजर आणू नको म्हणून सांगा. भारतात उपग्रह फोन आणि असले मेसेंजर परवान्याशिवाय बाळगणं बेकायदेशीर आहे आणि विमानतळावर परदेशी गिर्यारोहकांनाही यापायी पोलिस ठाण्यात जावं लागलं आहे. त्याऐवजी 406 मेगाहर्ट्झवर चालणारा संकट-बीकन घ्या. अंगावर बांधायचा छोटा पीएलबी निदान 24 तास चालतो, बोटीचा ईपर्ब निदान 48 तास. त्याला वर्गणी नसते. त्याचा संदेश उपग्रहामार्फत बंगळूरच्या इस्रोच्या केंद्रात जातो आणि तिथून तटरक्षक दलाकडे. पण तो भारतासाठी कोड केलेला आणि तिथे नोंदवलेला असला पाहिजे. नोंदणीत घरच्या माणसाचा नंबर असतो, तो उचलणारा माणूस तुम्ही कुठे गेलात हे सांगू शकला पाहिजे. म्हणून निघताना किनाऱ्यावरच्या एकाला सांगून जा: कुठे, कितीजण, किती वाजेपर्यंत परत, आणि त्यानंतर त्याने कोणाला फोन करायचा.

फ्लेअर घ्या: हातात धरायचे लाल, पॅराशूट रॉकेट आणि दिवसासाठी नारिंगी धूर. हातातला मिनिटभर जळतो, रॉकेट 300 मीटर वर जाऊन 40 सेकंद, धूर तीन मिनिटं. म्हणजे कोणी बघण्याच्या अंतरात आहे असं दिसल्यावरच लावायचे. त्यांची मुदत बनवल्यापासून साधारण तीन वर्षं. विकणाऱ्याने दिलेल्यांवरची तारीख बघा. मुदत संपलेले दिवाळीत उडवणारे महाभाग असतात. तो संकटाचा खोटा इशारा होतो आणि शोधाला निघालेल्या बोटीचा खर्च आणि धोका दोन्ही खरे असतात.

एवढं झाल्यावर आपण तुमच्या आवडत्या विषयाकडे, दिशादर्शनाकडे येऊ शकतो.

आपल्या किनाऱ्यावर 'मी कुठे आहे' हा प्रश्न क्वचितच अडचणीचा असतो. अलिबागचा किनारा समोर दिसतच असतो. अडचणीचा प्रश्न म्हणजे 'माझ्याखाली आत्ता किती पाणी आहे आणि तासाभराने किती असेल'. मुंबईच्या परिसरात उधाणाला भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या वर जातो, भांगाच्या दिवसांत (अष्टमीच्या आसपास) तो त्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. सकाळी ज्या खडपावरून सहज गेलात ते दुपारी फूटभर पाण्याखाली तुमच्या प्रोपेलरची वाट बघत असतं. हिशेब साधा आहे. ओहोटी 0.6 मीटर, भरती 4.4 मीटर, फरक 3.8. सहा तासांत पाणी बाराव्या हिश्शांनी बदलतं: एक, दोन, तीन, तीन, दोन, एक. म्हणजे मधल्या दोन तासांत दर तासाला जवळजवळ एक मीटर. चार्टवर छापलेली खोली नीचतम पाण्याची असते, त्यात त्या वेळची भरतीची उंची मिळवायची. भारतीय सर्वेक्षण विभागाचं भरती-ओहोटीचं कोष्टक आणि नौदलाच्या देहरादूनच्या जलसर्वेक्षण कार्यालयाचा चार्ट, या दोन गोष्टी कागदावर घरी असू द्या. शनिवारी रात्री टेबलावर पसरून मुलांबरोबर बघा. फोनवर बोटाने सरकवून जे लक्षात राहत नाही ते त्यावर राहतं.

24 ऑक्टोबर 2018 ला शिवस्मारकाच्या कामाच्या शुभारंभाला निघालेली स्पीडबोट गिरगाव चौपाटीसमोरच्या समुद्रात खडकावर आपटून बुडाली आणि एकाचा जीव गेला. ते काही दूरचं, अनोळखी पाणी नव्हतं; शहरातून दिसणारं होतं. रेवदंड्याबाहेरचं चौल-कडूचं खडप, थळच्या समोरचे दगड, राजपुरीच्या खाडीतलं उथळ पाणी ही तुमच्या वाटेवरची ठिकाणं. खाड्यांच्या मुखाशी वाळूचे दांडे असतात आणि ते दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात. तिथे कोणत्याही कंपनीचा नकाशा गेल्या सप्टेंबरचं सांगत नाही. तिथे स्थानिक तांडेलच लागतो.

म्हणून उपकरण घ्यायचंच तर खोली मोजणारा सोनार आणि जीपीएस नकाशा एकत्र असलेला सात, फार तर नऊ इंची प्लॉटर घ्या. खोलीचा अलार्म तीन मीटरवर लावा. ट्रान्सड्यूसर (सोनारचा पाण्यातला सेन्सर) मागच्या फळीवर, प्रोपेलरच्या फेसापासून लांब बसला पाहिजे, नाहीतर वेग वाढला की आकडा गायब होतो. आणि हे कधी विसरू नका की तो खालचं दाखवतो, पुढचं नाही. 20 नॉटला (तासाला 20 सागरी मैल) बोट सेकंदाला दहा मीटर जाते. अलार्म वाजेपर्यंत तुम्ही खडपावर असता. उथळ पाण्यात सोनारचा उपयोग वेग पाच नॉटवर आणला तरच.

प्लॉटरवरचा मोठा धोका झूमचा. नकाशा लहान करून पाहिला की सॉफ्टवेअर गर्दी कमी करायला बारीक खडकांच्या खुणा लपवतं. मुरूडपर्यंतचा सगळा मार्ग एका स्क्रीनवर आखलात तर तो एखाद्या दगडावरून जाईल आणि तुम्हाला दिसणार नाही. आखलेली रेघ बोटाने शेवटपर्यंत, पूर्ण झूम करून तपासायची. मी नव्या मालकांना एक काम सांगतो: पहिल्या फेरीला मांडव्याचा किंवा थळचा एक जाणता तांडेल पैसे देऊन बरोबर घ्या, शक्यतो अर्ध्या ओहोटीला, हळू. त्याने नेलेली वाट प्लॉटरवर रेकॉर्ड करा. तो रेकॉर्ड नकाशाच्या कार्डापेक्षा मोलाचा ठरतो.

मोबाइलचं ॲप पुरेल का? मार्ग आखायला आणि दुसरं साधन म्हणून उत्तम. एकमेव साधन म्हणून नको. भर उन्हात फोन तापून बंद होतो, ओल्या बोटांना स्क्रीन दाद देत नाही, आणि मदतीसाठी लागणारी बॅटरी नकाशा खाऊन टाकतो. स्क्रीन कितीही असल्या तरी एक पक्का बसवलेला चुंबकीय कंपास हवा, स्पीकरपासून लांब. स्पीकरच्या चुंबकाने काटा सरळ खोटं बोलतो.

एक गोष्ट खास तुम्हाला, कारण तुम्ही अमेरिकन व्हिडिओ बघून शिकताय. तिथे बंदरात शिरताना लाल बोया उजवीकडे ठेवतात. भारतात उलटं आहे: बोयांचे नियम ठरवणाऱ्या आयएएलए या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या 'ए' विभागात आपण येतो, शिरताना लाल डावीकडे, हिरवा उजवीकडे. व्हिडिओतला अनुप्रास जुळलेला नियम डोक्यात बसला असेल तर तो आजच काढून टाका.

रडार सोडून द्या. 21 फुटी उघड्या बोटीवर त्याला उंची मिळत नाही, ते वाचायला सराव लागतो, आणि ज्या धुक्यात त्याची गरज पडेल त्या धुक्यात तुम्ही जेट्टीवरच असायला हवं. डिसेंबर-जानेवारीच्या सकाळी मुंबई बंदरावर धुरकं असतं. ते विरेपर्यंत थांबायचं. त्या पैशांपैकी थोडे एआयएस रिसीव्हर (जहाजं रेडिओवरून आपली जागा आणि दिशा सांगतात ती पकडणारं यंत्र) असलेल्या व्हीएचएफवर घाला. जेएनपीएच्या (न्हावा-शेवा बंदराच्या) वाटेवरचं कंटेनर जहाज कुठून कुठे चाललंय ते आधी कळतं. अशा जहाजाच्या नाळेपुढचं 500 मीटरपर्यंतचं पाणी जहाजाच्या ब्रिजवरून (चालवण्याच्या खोलीतून) दिसलं नाही तरी ते नियमात बसतं, आणि अरुंद चॅनेलमध्ये त्याच्या आड न येणं हे 20 मीटरपेक्षा लहान बोटीवर बंधनकारक आहे. पण एआयएसवर डोल जाळी बांधायला समुद्रात रोवलेले खुंट दिसत नाहीत, जाळ्याचे तरंगते कॅन दिसत नाहीत, आणि कित्येक होड्याही दिसत नाहीत. त्यासाठी डोळे, पोलराइज्ड गॉगल आणि नाळेशी बसलेला अकरा वर्षांचा पोरगा. प्रोपेलरमध्ये जाळं गुंतलंच तर कापायला दातेरी सुरी हाताशी ठेवा, आणि कापण्याआधी इंजिन बंद करून किल कॉर्ड काढा. नाखव्याचं (मच्छीमार होडीच्या मालकाचं) जाळं कापलंत तर त्याला शोधून भरपाई द्या. पुढच्या खेपेला तुम्हाला ओढून आणणारा तोच असतो.

तर चार लाख कसे लावायचे: आधी फिल्टर, दुसरी बॅटरी, नांगर-साखळी-दोर, शिडी. मग सगळ्यांच्या मापाची जॅकेटं. मग पंप, बुचं, आगीची नळकांडी. मग डीएससी व्हीएचएफ, हातातला सेट, बीकन, फ्लेअर. एवढं झाल्यावर जे उरेल त्यात प्लॉटर, त्याची साइझ उरलेले पैसे ठरवतील. बहुधा सात इंची येईल आणि थोडे पैसे तांडेलला द्यायला शिल्लक राहतील.

रात्रीच्या परतीबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण निळे दिवे यादीत आहेत म्हणून सांगतो. रात्री लागतात ते नियमातले दिवे: डावीकडे लाल, उजवीकडे हिरवा, आणि 12 मीटरपेक्षा लहान बोटीला चारी बाजूंनी दिसणारा एक पांढरा. पांढरा दिवा चालवणाऱ्याच्या डोळ्यांच्या वर उंच बसवा, नाहीतर तुम्हालाच पुढचं दिसणार नाही. निळे दिवे चालू असले की दुसऱ्याला तुमचे लाल-हिरवे ओळखता येत नाहीत, ते काढूनच टाका. आणि पहिला हंगाम सूर्यास्ताच्या तासभर आधी जेट्टीला लागा. निघायच्या आदल्या रात्री इन्कॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी केंद्राचा लाटांचा अंदाज आणि हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा बघा. जूनपासून बोट बाहेर काढून ठेवायची, टाकी आणि फिल्टर रिकामे करायचे, आणि ऑगस्टनंतर पहिल्यांदा पाण्यात घालण्याआधी दोन्ही बॅटऱ्या लोडवर तपासून घ्यायच्या. तुमच्या बोटीच्या मागच्या फळीचा आणि बॅटरीच्या खोक्याचा फोटो पाठवा, म्हणजे ट्रान्सड्यूसर आणि स्विच कुठे बसतील ते नेमकं सांगता येईल.